एसीवरचा पदर

पहाटे चारला दगडोबा उठला. उठायचं काही कारण नव्हतं. भट्टी सुटली तरी भट्टीची वेळ सुटली नव्हती, एवढंच. खव्याच्या भट्टीवर दूध उजाडल्यावर येतं, पण जाळ त्याआधी तयार लागतो. राख काढायची, कढई घासायची, लाकडं रचायची. हे काम ज्यानं हयातभर केलं त्याला चारच्या पुढं झोप लागत नाही. ईट गावातल्या भट्टीवर दगडोबाची हयात गेली होती. मग तिथं वाफेवर चालणारं यंत्र आलं आणि हातानं खवा हलवणारा माणूस लागेनासा झाला. वयही झालंच होतं. त्यानं कुणाला बोल लावला नाही.

ओट्यावरची बाज त्यानं भिंतीला उभी केली, अंगण झाडलं, चहा ठेवला. दूध तळाला लागलं. भट्टीवर एवढं दूध आटवलं, पण त्याच्या हातून कधी लागलं नव्हतं. बायको, सारजा, गेल्यापासून घरात लागत होतं. एका माणसाच्या दुधाला ते पातेलं मोठं पडायचं. लहान पातेलं फडताळात होतं, पण ते काढावं असं त्याच्या मनात येत नव्हतं.

आज मात्र त्याला काम होतं. आज सृष्टी येणार होती.

सृष्टी म्हणजे त्याचा लेक भागवत याची मुलगी. भागवत पुण्याला कंपनीत होता, पण सृष्टीची शाळेची पहिली वर्षं ईटला आजीजवळ गेली होती. आता ती लग्न होऊन नगरला होती. दिवाळी संपली तशी सारजा गेली आणि त्यानंतर महिनाभरात सृष्टीला मुलगी झाली. शिवप्रिया नाव ठेवलं. दगडोबानं पणतीला अजून पाहिलं नव्हतं. फोनवर बघितलं होतं, पण त्याच्या हिशेबी ते पाहणं नव्हे.

आदल्या दिवशी सांजेला तिचा फोन आला होता.

"आबा, उद्या आमी येरमाळ्याला निघालाव. पोरीला येडाईच्या पायावर घालायचंय. यात्रेची गर्दी आता कमी झाली म्हणत्यात."

"मग हिकडून जावा की. वाटंतच हाय."

मागून तिच्या नवऱ्याचा, रणधीरचा आवाज आला, "पत्र्याचं घर हाय ते. पोरीच्या अंगभर घामोळं उठलंय, तुला दिसंना का?"

"आबा, एसी चालू हाय ना?" सृष्टीनं विचारलं.

"हाय की."

"खरं सांगा बरं. चालू असंल तर दुपारचं थांबताव. नसंल तर परस्पर जाताव अन परस्पर येताव. लेकरू लई रडतंय उन्हानं."

"हाय म्हणलं ना."

एसी हाय हे खरं होतं. चालू हाय का, हे त्याला ठाऊक नव्हतं. सारजाच्या खोलीत तो केर काढण्यापुरता जायचा. आधी बघायचं आणि मग बोलायचं, हा कामाचा नेम. तो त्यानं मोडला होता.

एसी त्यानं मागच्या उन्हाळ्यात घेतला होता. सारजाला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा चैत्र तापलेला होता. पत्र्याखाली तिचा जीव घाबरा व्हायचा. त्यानं पत्र्यावर पाचट टाकून बघितलं. कूलर आणला, तर त्याच्या ओलीनं तिला खोकला धरला. शेवटी भट्टीवरच्या मजुरीतून मागं टाकलेलं होतं ते काढलं आणि भूमहून बालाजी मिस्त्रीला बोलावून एसी बसवला. गावात बोलणं झालंच. पारावर एकानं विचारलं, "दगडोबा, जन्मभर जाळापुढं भाजलास अन आता बर्फात निजणार व्हय?"

"म्या न्हाय. ती निजणार," दगडोबा म्हणाला आणि विषय संपला.

सारजा निजलीही. "थंडीनं मारताव का मला?" असं म्हणायची आणि म्हणता म्हणता तिचा डोळा लागायचा.

खोलीचं दार उघडून त्यानं रिमोटमध्ये नवे सेल घातले, बटण दाबलं. एसी वाजला, ओठ उघडावा तशी त्याची पट्टी उघडली आणि गार वारं खाली आलं. दगडोबानं डोळे मिटले. चला, बोललो ते खोटं पडलं नाही. त्यानं फडकं घेतलं, खिडकीच्या कडा पुसल्या, पलंगावर धुतलेली चादर अंथरली. फरशी पुसता पुसता पाठीला घाम आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की वारं लागत नाही. तो उभा राहिला. हिरवा दिवा लागलेला. भिंतीपलीकडं बाहेरची मशीन घुमत होती. त्यानं पट्टीपाशी हात नेला. गारवा जाणवत होता, पण वारं नव्हतं.

त्यानं बालाजीला फोन लावला.

"काका, आज सगळ्या तालुक्यालाच एसी बिघडल्याची आठवण झालीया," बालाजी म्हणाला. "परवा येतो."

"परवा येऊन काय करू? पोरगी आज यायली. तान्हं लेकरू हाय संगट."

"मग फोन कानाला धरा अन सांगतो तसं करा. रिमोटवर पंख्याचं चित्र हाय का? त्याच्या म्होरं रेघा हायेत, त्या वाढवा."

"वाढिवल्या. वारं न्हाय."

"वर्षभर बंद व्हता ना? मग जाळ्या तुंबल्या असत्याल. म्होरचं झाकण वर उचला. आत दोन जाळ्या हायेत. काढा, धुवा, सावलीत वाळवा अन बसवा. घाई करून वल्या बसवू नका."

दगडोबा स्टुलावर चढला. झाकण उचलायच्या आधी त्याला एसीवरचं कव्हर सोडावं लागलं.

ते सारजानं शिवलेलं होतं. घरातल्या वस्तू झाकायची तिला भारी हौस. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, पाण्याच्या फिल्टरला कव्हर, सगळी जुन्या लुगड्यांची आणि सगळ्यांना झालर. पावसाळ्यात जरा बरं वाटायला लागलं तेव्हा तिनं पलंगावर बसून एसीचं कव्हर शिवायला घेतलं. माप घ्यायला दगडोबाला स्टुलावर चढवलं आणि वितीनं मोजायला लावलं. हिरवं इरकली लुगडं, धुऊन धुऊन साईसारखं मऊ झालेलं. त्याला आतून अस्तर. एसीचं तोंड तिनं उघडं ठेवलं आणि डोकं झाकलं. वरून घेऊन दोन्ही कानांवरून खाली आणलं आणि नाड्या लावल्या. "वारं तर खालच्या तोंडातनं निघतंय. वर झाकलं तर त्याचं काय बिघडतंय? पत्र्यावरनं माती गळती, ती तरी आत जाणार न्हाय," असं तिचं म्हणणं. दगडोबाला ते पटलं होतं. पण पुढचा उन्हाळा तिला मिळाला नाही, त्यामुळं कव्हर घातलेला एसी कधी चाललाच नव्हता.

त्यानं नाड्या सोडल्या, कापड मागं सारलं, जाळ्या काढल्या. जाळ्यांवर धुळीचा थर धरला होता. मोरीत बसून त्यानं त्या मऊ ब्रशानं धुतल्या. धुवायला वेळ लागत नाही, वाळवायला लागतो. घाई न करता त्या त्यानं ओट्याच्या सावलीत उभ्या केल्या आणि वाळेपर्यंत तिथंच बसला. मग बसवल्या, झाकण लावलं, कापड पुढं ओढून नीट केलं आणि नाड्यांना सारजा मारायची तशीच सुरगाठ मारली.

बटण दाबलं. वारं आलं. थोडा वेळ राहिलं आणि पुन्हा मंद होत होत गेलं.

"आता आत बॅटरी मारून बघा," बालाजी फोनवर म्हणाला. त्याच्या मागं कुणीतरी हातोडा मारत होतं. "जाळीच्या मागं काय दिसतंय?"

दगडोबानं पुन्हा नाड्या सोडल्या, झाकण उचललं आणि बॅटरी धरली. आतल्या पत्र्यांच्या ओळी पांढऱ्याफेक झाल्या होत्या.

"बर्फ हाय रं. कढईच्या कडंला साय धरती तसा."

"म्हंजी वारं आत जाईना. हवा फिरली न्हाय की गारवा जागच्या जागी थिजतोय. ही मशीन हवा वरनं वढती, काका. वर काय ठिवलंय का?"

"वर काय न्हाय."

"पत्रा टेकलाय का?"

"वीतभर लांब हाय."

"मग आतल्या पंख्याची मोटर गेली असंल. ती म्या आल्याबिगर व्हायची न्हाय. बंद करून ठिवा."

दगडोबानं एसी बंद केला. झाकण लावलं, कापड ओढलं, नाड्या बांधल्या आणि स्टुलावरून उतरला. पत्रा तापायला लागला होता, कुरकुर वाजत होता. त्यानं फोन हातात घेतला. सृष्टीला सांगायला हवं होतं की परस्पर जावा. तिचं नाव काढलं, त्याकडं पाहत राहिला आणि फोन खिडकीत ठेवला. आज गेली की पुन्हा कधी, हे त्याला माहीत होतं. पुढच्या वेळेला एवढं जवळून जायचं कारण कुठलं येणार होतं?

तेवढ्यात शेजारची कमलबाई भाकरीची दुरडी घेऊन आली. पाहुण्यांच्या भाकरी ती करणार असं ठरलं होतं. सारजाची आणि तिची रोज भाजीची अदलाबदल चालायची.

"भावजी, असं काय उभं राह्यलाव? पाव्हणे आलं न्हाईत अन तोंड का उतरलंय?"

"मशीन वारं देईना."

तिनं दुरडी ठेवली आणि वर बघितलं. "पदर काढला का त्याचा?"

"कसला पदर?"

"अवो, सारजीनं घातलेला! शिवत हुती तवाच म्या म्हणलं, सारजे, ही मशीन काय तुझी सून हाय व्हय, डोक्यावर पदर घ्यायला? तर म्हणती कशी, सून न्हाय, पुण्यासारखं वागणारी पाव्हणी हाय, गावात आली तर गावासारखं ऱ्हावं तिनं."

कमलबाई हसली. दगडोबा हसला नाही.

"ते कापड हाय. पातळ हाय," तो म्हणाला.

"पातळ कसलं? आतनं अस्तर हाय जाड. म्याच दिलं व्हतं, माझ्या परकराचं."

ती भाकरी झाकून निघून गेली. दगडोबा एसीकडं बघत राहिला. बालाजीनं विचारलं होतं, वर काय ठेवलंय का. त्यानं सांगितलं होतं, काही नाही. तो खोटं बोलला नव्हता. ते कापड वर ठेवलेलं आहे असं त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. माणसाच्या अंगावरचा सदरा कुणी वस्तूत मोजतं का? भट्टीला पुढं लाकडाचं तोंड असतं आणि मागं वाऱ्याचं. मागचं राखेनं बुजलं तर पुढून कितीही फुंका, जाळ उठत नाही. उभ्या जन्मात त्यानं दुसरं काही केलं नव्हतं आणि आज सकाळपासून तो वाऱ्याचं तोंड आपल्या हातानं नेटकं बांधत होता.

तो वर चढला. गाठी त्याच्याच होत्या, पण सुटायला जड गेल्या. कापड पूर्ण निघालं तेव्हा वरच्या बाजूला मातीचा थर दिसला. म्हणजे माती गळत होती. सारजाचं तेवढं खरं होतं. त्यानं कापड नाकापाशी नेलं. मातीचा वास आला. दुसरा कसला नाही.

घाण वस्तू तशीच घडी करून ठेवणं त्याला जमणारं नव्हतं. त्यानं ते मोरीत खळबळलं, पिळलं आणि अंगणातल्या तारेवर टाकलं. तिथल्या उन्हात ते टाकता टाकता वाळत होतं.

आता बर्फ वितळायला हवा होता. त्यानं एसीचं झाकण उघडं ठेवलं, पलंग बाजूला ओढला आणि खाली परात मांडली. थेंब पडायला लागले. हे काम करायचं नव्हतं, होऊ द्यायचं होतं. असल्या कामाची त्याला सवय नव्हती. खव्याला हात थांबवता येत नाही आणि बर्फाला हात लावता येत नाही. तो भिंतीला टेकून परातीतलं पाणी बघत बसला.

फोन वाजला.

"आबा, खर्डा सोडलं आमी. एसी चालू हाय ना?"

मागं लेकरू रडत होतं, बेंबीच्या देठापासून. दगडोबाच्या ओठावर हाय हा शब्द आला होता. काल त्याचा तो वापरून झाला होता.

"न्हाय. सकाळी बर्फ धरला व्हता. कारण घावलंय, बर्फ वितळायलाय. तुमी येईस्तोवर चालू व्हईल असं वाटतंय, पण चालू झाल्याबिगर म्या सांगणार न्हाय. काल न बघता बोललो. यायचं का न्हाय, ते तुमी ठरवा."

पलीकडं काही बोलणं झालं. ते ऐकू आलं नाही. "बघताव, आबा," सृष्टी म्हणाली आणि फोन बंद झाला.

थेंब थांबले तेव्हा त्यानं बॅटरी मारून आत पाहिलं. पत्र्यांच्या ओळी काळसर, ओल्या. परात उचलून त्यानं पाणी तुळशीत ओतलं. आधी नुसता पंखा लावला. वारं आलं, दमट. ते कोरडं होईपर्यंत तो खाली उभा राहिला. मग गारवा लावला आणि दाराशी जाऊन उभा राहिला, म्हणजे दोन्हीकडं लक्ष राहील, मशीनकडं आणि रस्त्याकडं. वारं मंद झालं नाही. चालतच राहिलं. रस्त्यावरून ऊसतोडीचा रिकामा ट्रॅक्टर गेला, एक जीप गेली. खर्ड्याहून एवढा वेळ लागत नाही. परस्पर गेले असावेत. त्यानं भाकरीवरचं फडकं नीट केलं, काही कारण नसताना.

मग पांढरी गाडी वळली.

रणधीर उतरला तो घड्याळ बघतच. "आबा, तासभरच हं. ऊन उतरायच्या आत येरमाळा गाठायचंय."

"या जावईबापू. आत चला आधी."

कमलबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. लेकरू लालबुंद झालं होतं, रडून रडून त्याचा आवाज बसला होता. सृष्टी त्याला घेऊन खोलीत शिरली. दारातून आत जाताच शिवप्रियाचं रडणं तुटलं. तिनं तोंड वर केलं, वारं कुठून येतं ते शोधल्यासारखं केलं आणि हुंदका देत देत गप झाली. पलंगावर ठेवली तशी तिचे डोळे मिटायला लागले. दगडोबा वाकून बघत होता. हनुवटी सारजाची होती की काय, हे त्याला विचारायचं होतं.

"आबा, पातळ काय हाय का पांघरायला?" सृष्टी कुजबुजली. "वारं लई गार यायलंय. बॅग गाडीत तळाला हाय."

त्यानं तारेवरून वाळलेलं कापड आणलं. सृष्टीनं ते हातात घेतलं आणि बोटांनी चाचपलं.

"हे आजीचं लुगडं हाय."

"व्हय."

"असं लांबडं का शिवलंय? अन ह्या नाड्या?"

"तिची काय तरी हौस."

शिवप्रियाला ते पायापासून गळ्यापर्यंत बरोबर झालं. अस्तराची बाजू आत.

तास होऊन गेला तसा रणधीर उठायला लागला. कमलबाईनं दारातूनच त्याला अडवलं, "निजल्या लेकराला उठवू नये, जावईबापू. येडाई काय गाव सोडून चालली न्हाय."

"मामी, संध्याकाळी परत नगर गाठायचंय हो."

"गाठचाल की. गाडी तुमची, का मी धक्का मारायलेय?"

रणधीर हसला आणि चटईवर आडवा झाला. थोड्या वेळात तोही घोरायला लागला. सृष्टी लेकराच्या कडेला अंग टाकून पडली होती. सकाळपासून दगडोबानं तिच्याशी बोलायच्या गोष्टी मनात लावून ठेवल्या होत्या. आजी शेवटी काय म्हणाली, ते होतं. सृष्टीची शाळेची पाटी अजून फडताळात आहे, ते होतं.

तो बाहेर आला आणि खोलीचं दार ओढून घेतलं, गारवा जाऊ नये म्हणून. ओट्यावर ऊन आलं होतं. तो सावलीच्या पट्टीत बसला. भंगारवाला ओरडत आला तर हात हलवून त्याला पुढं पाठवला. कोंबडा आरवायला लागला तर खडा मारून हाकलला. आत तीन माणसं झोपली होती. भिंतीमागं मशीन घुमत होती. आवाज बदलला असता तर त्याला कळलं असतं. बदलला नाही.

उन्हं कलली तेव्हा एकदम गडबड झाली. "आबा, लई निजलो आमी!" म्हणत सृष्टी बाहेर आली. पिठलं-भाकरी दोन घास खाल्ली, चहा उभ्या उभ्या झाला. शिवप्रिया अजून झोपेत होती. तिला जागं होऊ न देता सृष्टीनं आहे त्या कापडासकट उचललं आणि गाडीत बसली. नाड्यांचं एक टोक दारात अडकत होतं, दगडोबानं ते आत सारलं.

"सृष्टे, ते—"

"काय आबा?"

तो तिच्या मांडीवरच्या हिरव्या कापडाकडं बघत होता. लेकराचा घाम सुकला होता. ओठ झोपेतच दूध ओढत होते.

"काय न्हाय. डोकं झाक तिचं. ऊन हाय अजून."

सृष्टीनं कापडाचं टोक लेकराच्या डोक्यावरून घेतलं. "पुढच्या बारीला राहायला येताव, आबा," ती म्हणाली. रणधीरनं मान हलवली आणि गाडी निघाली. धूळ खाली बसेपर्यंत दगडोबा रस्त्यात उभा होता.

तो खोलीत आला. गारवा होता. चटई तशीच पडली होती, चादरीवर लेकराएवढी सुरकुती होती. एसीचं डोकं उघडं होतं. त्यानं बटण दाबलं. पट्टी हळूहळू मिटली आणि भिंतीमागचा आवाज थांबला. दिवेलागणीला दार उघडं ठेवायचं असतं म्हणून त्यानं दार सताड उघडलं. बाहेरची झळ आत आली आणि थोड्या वेळात खोली बाकीच्या घरासारखी झाली.

त्यानं चादरीची घडी केली नाही. चूल पेटवली, पातेलं ठेवलं, आणि या वेळी दूध लागू दिलं नाही.

भट्टीपुढं जेवढं उभं राहायचं तेवढं तो राहिला होता. त्या मजुरीतून सारजाला एक गार उन्हाळा मिळाला होता आणि आज तिच्या पणतीला दुपारची झोप.